कॅपची शेवटची दहा मिनिटं

हल्ली दाताच्या कॅपलासुद्धा वॉरंटी कार्ड मिळतं. खरंच! क्रेडिट कार्डाच्या आकाराचं, चकचकीत. त्यावर आपलं नाव, दाताचा नंबर आणि '१० वर्षं' किंवा '१५ वर्षं' असा ठसठशीत आकडा. आमच्या ऑफिसातल्या एका महाशयांनी ते पाकिटात पॅन कार्डाच्या शेजारी ठेवलंय. लंच टाइमला दातांचा विषय निघाला (आणि तिशी ओलांडली की तो निघतोच) की ते बाहेर येतं. "झिरकोनिया आहे, बाराशे मेगापास्कल!" हे तो अशा काही थाटात सांगतो, की वाटावं साहेबांनी नवी बाइकच बुक केली.

मेगापास्कल म्हणजे काय, हे टेबलावरच्या कुणालाच ठाऊक नसतं. पण आकडा मोठा म्हणजे माल भारी, हा हिशेब आपल्या पिढीला मोबाइलच्या मेगापिक्सेलनी पक्का शिकवून ठेवलाय. सांगायचं तर १ मेगापास्कल म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर साधारण १० किलो. म्हणजे १२०० ला झाले १२ टन. एवढ्याशा कपच्यावर! मग अशी कॅप फुटेलच कशी?

मला हा प्रश्न पडायला कारण झाली माझी स्वतःची दाढ. खालची, डावीकडची, पहिली मोठी. रूट कॅनाल झालेली, वर मेटल-सिरॅमिकची कॅप. बसवून दोन वर्षंही झाली नव्हती. एका दुपारी डब्यातली मऊ पोळी आणि दुधीची भाजी खाताना 'टच्' असा आवाज आला आणि जिभेला काहीतरी धारदार लागलं. आरशात पाहिलं तर कॅपच्या कडेचा टवका उडालेला आणि मागून राखाडी धातू डोकावतोय.

जिथे कॅप बसवली होती तिथे फोन केला. "मॅडम, कडक काही खाल्लंत का? चिक्की? सुपारी?" दुधीची भाजी म्हटल्यावर पलीकडे एकदम शांतता. मग "सिरॅमिक आहे ना मॅडम, होतं असं कधी कधी."

'होतं असं' या उत्तराने आपलं समाधान होत नाही. सुदैवाने घरातच एक्स्पर्ट आहे. माझी मावसबहीण प्रोस्थोडॉन्टिस्ट आहे, म्हणजे कॅप, ब्रिज, कवळ्या यांचीच स्पेशालिस्ट. आम्ही सगळे तिला ताईच म्हणतो. रविवारी तिच्या क्लिनिकमध्ये जाऊन खुर्चीत आडवी झाले. तिने डोळ्यांवर ती भिंगं चढवली, बराच वेळ पाहिलं आणि मोबाइलवर फोटो काढून मला दाखवला.

"हे बघ. टवक्याच्या कडेला हा मॅट पट्टा दिसतोय? बाकी कॅप कशी काचेसारखी चमकतेय, आणि इथेच पांढरट, खरखरीत. इथे घासलंय, आणि तसंच सोडून दिलंय."

"म्हणजे त्याच्यामुळेच फुटली?"

"शपथेवर नाही सांगणार. उडालेला तुकडा मायक्रोस्कोपखाली बघायला मिळाला असता तर चीर कुठून सुरू झाली ते वाचता येतं. पण तो तू दुधीबरोबर गिळलास. तरी संशयित नंबर वन हाच."

घासलंय म्हणजे काय, हे ज्यांनी कॅप बसवून घेतलीय त्यांना लगेच कळेल. कॅप बसते, डॉक्टर निळा कागद दाताखाली धरून 'चावा' म्हणतात. आपण म्हणतो 'थोडं उंच लागतंय'. मग हिऱ्याची पूड लावलेल्या बरने ते 'उंच' घासतात. पुन्हा कागद, पुन्हा चावा. आपण म्हणतो 'हं, आता ठीक', उठतो, कार्ड स्वाइप करतो आणि निघतो. सगळा घोळ त्या 'आता ठीक'च्या नंतरच्या मिनिटांत आहे.

घरात टाइल्स बसवायचं काम चालू असेल तर लादीवाल्याकडे नीट बघा. टाइल कापायला तो जोर लावतो का? छे! कटरने वरच्या चकचकीत बाजूवर एक रेघ ओढतो. जेमतेम दिसेल एवढी. मग दोन्ही बाजूंनी हलकासा दाब, आणि टाइल त्या रेघेवर नीट दोन तुकडे. ज्या टाइलवर आपण कपाट ठेवतो, नाचतो, ती एका ओरखड्यापुढे शरण जाते. सिरॅमिकचा सगळा फंडा एवढाच. धातूला चीर पडायला लागली तर तो तिच्या टोकाशी थोडा वाकतो, ताणतो, वेळ मारून नेतो. सिरॅमिकला वाकणं जमतच नाही. ओरखड्याच्या टोकाशी सगळा ताण गोळा होतो आणि एका क्षणी चीर पळत सुटते.

हे गणितात मांडलं ए. ए. ग्रिफिथ या इंग्लिश इंजिनिअरने. फार्नबरोला विमानांवर संशोधन चालायचं, तिथे तो होता. त्याचा निबंध १९२१ साली छापून आला. त्याचा प्रश्न सरळ होता. काचेचे अणू एकमेकांना ज्या ताकदीने धरून आहेत त्याचा हिशेब केला तर काच आहे त्याच्या कितीतरी पट मजबूत असायला हवी. मग ती इतकी फुटकी का? त्याने काच वितळवून बारीक बारीक तंतू ओढले आणि तोडून पाहिले. तंतू जितका बारीक आणि ताजा, तितका तो मजबूत. कारण त्याच्यावर ओरखड्याला जागाच कमी! काच कमकुवत नसते, तिच्यावरच्या न दिसणाऱ्या चिरा तिला कमकुवत करतात.

आता त्या बाराशेकडे परत या. हा आकडा कुठून येतो? सिरॅमिकची छोटी चकती किंवा पट्टी घेतात, ठरलेल्या पद्धतीने गुळगुळीत करतात, तीन गोळ्यांवर ठेवून मधोमध दाबतात आणि फुटेपर्यंत दाब वाढवत नेतात. म्हणजे तो आकडा ब्यूटी पार्लरमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या चकतीचा आहे. तुमच्या तोंडातली कॅप फिट करताना जी घासाघीस झाली, ती त्या चकतीने पाहिलेलीच नाही.

बरं, मग पहिल्याच दिवशी का नाही फुटली? दोन वर्षं का लागली? त्याचं उत्तर पाण्यात आहे. ओलाव्यात काचेतली चीर हळूहळू, अगदी कमी ताणाखालीही वाढत राहते, हे १९६७ साली अमेरिकेत वीडरहॉर्न यांनी मोजून दाखवलं. चिरेच्या टोकाशी पाण्याचे रेणू पोचतात आणि सिलिकॉन-ऑक्सिजनची ताणलेली जोडी तोडतात. आपलं तोंड म्हणजे चोवीस तास ओलावा, वर दर घासाला दाब. चीर रोज थोडी थोडी सरकत असणार. दुधीच्या भाजीच्या नावावर उगाच शेवटचा घास लागला!

इथवर वरच्या बाजूचं झालं, जी आरशात दिसते. पण ताई म्हणते की अख्खी सिरॅमिकची कॅप उभी चिरते, तेव्हा ती बहुतेक वेळा आतून चिरते. स्वयंपाकघरातली कडाप्प्याची फळी आठवा. वरून डबे ठेवले की फळी किंचित वाकते. वरची बाजू दाबली जाते, खालची ताणली जाते. म्हणून तडा खालून सुरू होतो. कॅपचंही तेच. दाब वरून, ताण आत, जिथे ती सिमेंटने दाताला चिकटते तिथे. पोर्सिलेनची पहिली 'जॅकेट' कॅप लोकप्रिय करणाऱ्या डेट्रॉइटच्या डॉ. चार्ल्स लँड यांच्या कॅप्सना १९०३ च्या सुमारास हेच दुखणं होतं. दिसायला सुंदर, पण आतल्या बारीक चिरांमुळे फुटायच्या. (हे लँड म्हणजे १९२७ साली एकट्याने अटलांटिक पार करणाऱ्या वैमानिक लिंडबर्गचे सख्खे आजोबा, आईचे वडील. ट्रिव्हिया म्हणून ठेवा, क्विझमध्ये उपयोगी पडेल.) पुढे १९६० च्या दशकात धातूवर सिरॅमिक चढवायची युक्ती आली आणि फुटणं बरंच कमी झालं. आपल्या आईवडिलांच्या पिढीच्या बहुतेक कॅप्स त्याच जातीच्या.

मग ओरखडा आपल्याला हरवणारच असेल तर करायचं काय? एक उपाय म्हणजे पृष्ठभागच दाबून धरायचा. लोकलमधली चौथी सीट डोळ्यांसमोर आणा. तिघांच्या बाकावर चौथा टेकला की सगळे असे घट्ट बसतात की मध्ये फटीला जागाच उरत नाही. मोबाइलच्या काचेत अगदी हेच करतात. काच गरम पोटॅशियमच्या क्षारात बुडवतात. काचेतले छोटे सोडियमचे आयन उठून बाहेर येतात आणि त्यांच्या जागी पोटॅशियमचे जाडजूड आयन बसतात. पृष्ठभाग दबून राहतो, चिरेला तोंड उघडता येत नाही. दाताच्या पोर्सिलेनवरही हा प्रयोग झालाय आणि ताकद वाढतेही. पण हा थर इतका पातळ की बरचा एक फटका बसला की चौथी सीट रिकामी!

आजीच्या लोणच्याच्या बरणीवरची झिलई हा याचाच जुना अवतार. भट्टीतून निघून थंड होताना झिलई आतल्या मातीपेक्षा थोडी कमी आकसली तर ती दाबाखाली राहते आणि बरणी पिढ्यान् पिढ्या टिकते. उलटं झालं तर झिलईवर बारीक तड्यांची जाळी पडते. कॅपलाही लॅबमध्ये शेवटी अशी झिलई, म्हणजे ग्लेझ, देतात. पूर्वी डॉक्टर मंडळींचा या ग्लेझवर फार विश्वास होता. आता मत बदललंय. ग्लेझ हळूहळू झिजतं, आणि पद्धतशीर केलेलं पॉलिश त्याच्या तोडीस तोड उतरतं. मला विचाराल तर ही पेशंटसाठी चांगली बातमी आहे, कारण ग्लेझला भट्टी लागते आणि पॉलिश खुर्चीतच करता येतं.

आतल्या बाजूची गंमत मात्र अगदी उलटी. तिथे डॉक्टर मुद्दाम खडबडीतपणा आणतात! भिंतीला प्लास्टर धरावं म्हणून गवंडी आधी छिन्नीने टाचे मारतो, तसंच. काचेचा अंश असलेल्या सिरॅमिकला, म्हणजे लिथियम डायसिलिकेटसारख्याला, हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड लावतात. हे अ‍ॅसिड काच खातं. मधली काच विरघळते आणि सुयांसारखे स्फटिक उघडे पडतात. त्यांच्या बेचक्यांत सिमेंट शिरून पकड घेतं.

"किती वेळ लावतेस?" मी ताईला विचारलं.

"लिथियम डायसिलिकेटला पाच टक्क्यांचं, वीस सेकंद. घड्याळ लावून."

"आणि दोन मिनिटं राहिलं तर?"

"तर कुरतडणं खोल जातं. पकडीसाठी केलेल्या खाचाच चिरा होतात. साध्या पोर्सिलेनला जास्त वेळ चालतो, ह्याला नाही. लोकांना वाटतं, जास्त वेळ म्हणजे जास्त पक्कं. मेंदी आहे का ती?"

तरी या आडदांड उपायात एक शहाणपण आहे. अ‍ॅसिडनंतर सायलेन नावाचं रसायन लावतात, ते एका बाजूने सिरॅमिकला आणि दुसऱ्या बाजूने रेझिन सिमेंटला धरतं. सिमेंट त्या खाचांत घुसून घट्ट झालं की खाचा बुजतात. मोकळी, हातात धरलेली कॅप अशक्त असते. तीच दाताला नीट चिकटली की बळकट. तेव्हा चिकटवण्याकडे कुणी नुसता फेव्हिकॉलचा कारभार म्हणून बघू नये.

झिरकोनियाला हे अ‍ॅसिड लागूच पडत नाही. त्यात काचच नाही, खाणार काय? मग तिथे अ‍ॅल्युमिनाची बारीक पूड, साधारण ५० मायक्रॉनची, हवेच्या झोताने मारतात. सँडब्लास्टिंग. आता तुम्ही म्हणाल, ओरखड्याला एवढं घाबरायचं आणि वर वाळू मारायची? इथे झिरकोनिया स्वतःचा चमत्कार दाखवतो. त्याचे स्फटिक एका आखडलेल्या अवस्थेत अडकवून ठेवलेले असतात. चीर जवळ आली की ते पटकन दुसऱ्या अवस्थेत जातात आणि साधारण ४ टक्के फुगतात. म्हणजे फट पडायला लागली की तिथलेच प्रवासी अंग फुगवून बसतात! चीर तिथेच दाबली जाते. ऑस्ट्रेलियाच्या तीन शास्त्रज्ञांनी १९७५ साली 'नेचर'मध्ये हे मांडलं, तेव्हा शीर्षकच दिलं होतं, 'सिरॅमिक स्टील?' प्रश्नचिन्हासकट.

त्यामुळे हलका, बारीक झोत मारला तर झिरकोनियाचा पृष्ठभाग उलट मजबूत होऊ शकतो. पण दाणा जाड आणि दाब जास्त असेल तर ओरखडा त्या फुगलेल्या थराच्याही खाली पोचतो, आणि मग संपलं. शिवाय सगळे झिरकोनिया सारखे नसतात. हल्ली पुढच्या दातांसाठी जो जास्त पारदर्शक झिरकोनिया वापरतात, त्यात दिसण्यासाठी ही फुगायची सवयच जवळजवळ काढून टाकलेली असते. ताकदही निम्म्याच्या आसपास. त्याच्यावर तोच झोत मारला तर नुकसान जास्त. नाव एकच, स्वभाव वेगळे. आणि मूळचा कडक झिरकोनियाही लाडावून ठेवण्यासारखा नाही. २००१ साली कृत्रिम खुब्यातले झिरकोनियाचे गोळे काही बॅचेसमध्ये फार लवकर फुटायला लागले आणि परत मागवावे लागले. भट्टीची पद्धत बदलली होती, एवढंच. पदार्थ तोच, कागदावरचा आकडाही चांगला!

एवढं सगळं ऐकल्यावर माझी नवी कॅप कुठली, हे ठरवायची वेळ आली. मी अर्थातच बाराशेवर बोट ठेवायच्या तयारीत होते. ताईने लिथियम डायसिलिकेट सुचवलं. आकडा? साधारण चारशे.

"पुरे आहे ते," ती म्हणाली. "वर दीड मिलिमीटर जागा मिळतेय, दाताला कडेने एनॅमल शिल्लक आहे, छान चिकटेल. रात्री दात खात असतीस तर झिरकोनिया म्हटलं असतं."

ऑफिसात सांगितलं तर वॉरंटी कार्डवाले महाशय हळहळले. "चारशेच? अगं, थोडे पैसे टाकून वरचं मॉडेल घ्यायचंस ना!" आता याला दाण्याची जाडी आणि झोताचा दाब कुठे समजावत बसू?

बसवायच्या दिवशी मी मुद्दाम मिनिटं मोजली. कॅप आतून अ‍ॅसिडने धुतलेली, पांढरी, दवासारखी. सायलेन, सिमेंट, निळा दिवा. मग निळा कागद. एक ठिपका गडद आला. बारीक दाण्याचा बर, पाणी चालू, हात अगदी हलका, चार-पाच सेकंद. पुन्हा कागद. आता ठिपके सारखे. साधारण याच वेळी बहुतेक पेशंट पर्स उचलतात, असं ताईची असिस्टंट म्हणाली. "आणि डॉक्टरांना पण बाहेर तीन जण बसलेले दिसत असतात ना!" ताईने तिच्याकडे बघून मान डोलावली. दोन्ही बाजूंना घाई, आणि पॉलिशचं वेगळं बिल कुणी लावत नाही. मला तर वाटतं, लावावं. निदान ते काम आहे हे तरी कळेल.

मग ती रबरची छोटी चाकं बाहेर आली, हिऱ्याची पूड मिसळलेली. आधी जाडं, मग मध्यम, मग बारीक. तीनही. मधलं गाळून चालत नाही, कारण प्रत्येकाचं काम आधीच्याने पाडलेले ओरखडे पुसायचं. यात समोरच्या दाढेचाही जीव अडकलेला असतो. खरखरीत सिरॅमिक समोरच्या दातावर कानशीसारखं चालतं आणि आपला खराखुरा दात झिजवतं. कडक म्हणून बदनाम असलेला झिरकोनियासुद्धा नीट पॉलिश केला तर समोरच्या दाताशी सभ्यपणे वागतो.

दहा मिनिटं लागली. ताईने जागा वाळवली, भिंगातून पाहिलं, तिरक्या उजेडात पुन्हा पाहिलं आणि एका कोपऱ्यावर परत बारीक चाक फिरवलं.

"जीभ फिरव. काही लागतंय?"

नव्हतं लागत. शेजारच्या दाताचा आणि हिचा फरकही कळत नव्हता. पुढची अपॉइंटमेंट सहा महिन्यांनी आहे. तेव्हा ती पुन्हा तिरक्या उजेडात बघणार आहे, कुठे मॅट पट्टा दिसतोय का.